दाव्यांच्या आकड्यांत खर्च दिसत नाही

महोदय,

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शासन उपचारागणिक रुग्णालयांना देते ते दर परवडत नाहीत, ही रुग्णालयांची तक्रार. योजनेत बसूनही वरचे पैसे भरावे लागले, ही रुग्णांची. या दोन बातम्या वर्तमानपत्रांत आलटून पालटून येत असतात आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दर खरोखर कमी आहे की नाही, याचा निवाडा करण्यासाठी एका उपचाराला रुग्णालयाचा किती खर्च येतो हे माहीत असावे लागते. चर्चा मात्र दाव्यांच्या, म्हणजे रुग्णालयांनी उपचारानंतर योजनेकडे केलेल्या पैशांच्या मागण्यांच्या, आकड्यांवर चालते. त्या आकड्यांत खर्च का सापडत नाही आणि तो कसा मोजावा, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ही योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये नाव बदलले, २०२० मध्ये केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी तिची सांगड घातली गेली. इतक्या वर्षांत दाव्यांचा डोंगर साचला आहे. एवढी माहिती हाताशी असताना नवा अभ्यास कशाला, असे कुणालाही वाटेल. पण दाव्यातली रक्कम म्हणजे रुग्णालयाचा खर्च नव्हे. पॅकेज, म्हणजे एका उपचाराचा आधीच ठरवलेला एकूण दर, वीस हजारांचे असेल तर दावा वीस हजारांचाच येतो, मग खर्च बारा हजार झालेला असो की अठ्ठावीस. शासनानेच ठरवलेला आकडा पोर्टलवरून शासनाकडे परत येतो. दरीत हाक मारावी आणि परत आलेल्या आवाजाला उत्तर समजावे, तसा हा प्रकार आहे. रुग्ण किती, कुठल्या जिल्ह्यातले, किती दिवस दाखल होते, कोणते पॅकेज कुठे जास्त वापरले गेले, हे दाव्यांतून उत्तम कळते. खर्च कळत नाही.

केंद्राच्या योजनेला हा धडा लवकर मिळाला. २०१८ मध्ये लागू झालेले दर मुख्यतः तज्ज्ञांच्या अंदाजावर आणि आधीच्या योजनांच्या दरपत्रकांवर बेतलेले होते. पुढे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेकडून अनेक राज्यांतल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या खर्चाची मोजणी करवली. २०१९ आणि २०२२ च्या सुधारित दरपत्रकांना तिचा आधार मिळाला. दिशा बरोबर होती. पण अशी मोजणी एकदा करून भागत नाही, आणि राज्याचे दर ठरवायचे तर नमुन्यात राज्यातली पुरेशी रुग्णालये हवीत.

मोजणीत काय चुकते ते एकाच सेवेवरून पाहू. डायलिसिस घेऊ, कारण ती जिल्ह्याजिल्ह्यांत चालते, ठरावीक पद्धतीने होते आणि बाहेरून अगदी साधी दिसते. एका सत्राला साधारण चार तास लागतात. रक्त गाळणारा डायलायझर, रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या, सुया, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन, बायकार्बोनेट आणि आम्लाचे द्रावण, सलाइन आणि आरओचे शुद्ध पाणी एवढे साहित्य लागते. यंत्रातून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. यंत्र धुण्याचे आणि आरओमध्ये वाया जाणारे पाणी त्याहून वेगळे. शिवाय तंत्रज्ञ, परिचारिका, मूत्रपिंडतज्ज्ञाची फेरी, यंत्राची घसारा रक्कम (ते झिजते म्हणून दरवर्षी खर्चात धरायचा किमतीचा भाग), देखभालीचा वार्षिक करार, वीज आणि जागा.

पहिली चूक डायलायझरपाशीच होते. तो एकदा वापरून टाकला की त्याच रुग्णासाठी धुऊन पुन्हा वापरला, यावर साहित्याच्या खर्चाचा मोठा भाग ठरतो. पुनर्वापर करताना डायलायझरची धारणक्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की तो बाद करायचा, असा नियम आहे. तो पाळणाऱ्या केंद्राकडे प्रत्येक डायलायझरची नोंदवही असते. मोजणीसाठी खर्चाचा फॉर्म भरताना मात्र लेखापाल खरेदीच्या बिलावरची किंमत प्रत्येक सत्राला पूर्ण लावतो, किंवा वर्षाची खरेदी भागिले सत्रे असा हिशेब करतो. पहिल्या रीतीने खर्च फुगतो. दुसरी रीत बरी, पण वर्षअखेरचा शिल्लक साठा वजा केला नसेल तर तीही चुकते. धुण्याची रसायने आणि त्यात जाणारा तंत्रज्ञाचा वेळ तर बहुतेक वेळा कुठेच धरला जात नाही. डायलायझरची नोंदवही आणि खरेदीची वही एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय डायलायझरचा खर्च मान्यच करू नये.

दुसरी चूक याहून मोठी आहे. समजा, दोन केंद्रांत प्रत्येकी पाच यंत्रे आहेत आणि पगार, भाडे, घसारा, देखभाल असा ठरलेला मासिक खर्च दोन्हीकडे ३ लाख ९० हजार रुपये आहे. पहिले केंद्र तीन पाळ्यांत महिन्याचे २६ दिवस चालते. त्याची ३९० सत्रे होतात आणि ठरलेला खर्च सत्राला १,००० रुपये पडतो. दुसरे एकच पाळी चालवते. त्याची १३० सत्रे होतात आणि तोच खर्च सत्राला ३,००० पडतो. (तीन पाळ्यांना जादा माणसे लागतील हे खरे, हिशेब सोपा राहावा म्हणून ते इथे सोडले आहे.) साहित्य तेच, यंत्र तेच, रुग्णाला मिळालेली सेवा तीच. आता 'सरासरी ठरलेला खर्च २,००० रुपये' असे अहवालात लिहिले, तर तो आकडा या दोहोंपैकी एकाही केंद्राचा नसतो. म्हणून खर्चासोबत क्षमतेचा वापर लिहिणे सक्तीचे असावे. दर अमुक टक्के वापर गृहीत धरून ठरवला आहे, हेही दरपत्रकात छापले जावे. दुर्गम तालुक्यात एकच पाळी भरते, कारण तिथे रुग्णच तेवढे आहेत. अशा केंद्राला वेगळे वार्षिक अनुदान द्यावे. त्याच्यासाठी राज्यभराचा दर वाढवला, तर पैसा भरलेल्या केंद्रांकडेच जाईल. कावीळ बी किंवा सी असलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवलेले यंत्र दिवसाचा बराच वेळ रिकामे राहते. तो खर्च मात्र रास्त आहे आणि तो वेगळ्या रकान्यात दिसला पाहिजे.

तिसरी गोष्ट पॅकेजच्या सीमेची. रक्तवाढीचे इरिथ्रोपोएटिन आणि लोहाचे इंजेक्शन पॅकेजमध्ये धरले आहे की रुग्ण बाहेरून आणतो? फिस्टुलाची (डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याची) शस्त्रक्रिया वेगळ्या पॅकेजमध्ये गेली आहे का? एका रुग्णालयाने ही इंजेक्शने धरून खर्च कळवला आणि दुसऱ्याने सोडून, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. फॉर्मच्या पहिल्या पानावर 'यात काय काय धरले आहे' याची यादी नसेल, तर पुढची पाने वाचण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रियांकडे वळलो की वेळेचा प्रश्न येतो. शस्त्रक्रियागृहाचा खर्च मिनिटांवर वाटला जातो. मिनिटे चीर दिल्यापासून टाके घालेपर्यंत मोजायची की रुग्ण आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत? मोतीबिंदूसारख्या छोट्या शस्त्रक्रियेत या दोन मोजमापांत दुपटीचा फरक पडू शकतो. भूल, सफाई आणि पुढच्या रुग्णाची तयारी हा वेळही कुणाच्या तरी खात्यावर पडायलाच हवा. आमच्या मते रुग्ण आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळच धरावी. ती भूलतज्ज्ञाच्या नोंदीत बहुधा आधीपासून असते, नवे काही लिहावे लागत नाही.

खासगी रुग्णालयांच्या आकड्यांत सर्वांत फसवी ओळ असते डॉक्टरांच्या मानधनाची. बाहेरून येणाऱ्या शल्यचिकित्सकाला पुष्कळ ठिकाणी पॅकेजच्या ठरावीक टक्क्यांनी पैसे मिळतात. रुग्णालय हेच मानधन खर्च म्हणून दाखवते. म्हणजे दरातून खर्च निघतो आणि त्या खर्चावरून पुन्हा दर ठरतो. दर वाढवला की 'खर्च' आपोआप वाढतो! इथे टक्केवारी न धरता डॉक्टरचा लागलेला वेळ आणि त्या विशेषज्ञतेचा त्या भागातला प्रचलित तासाचा मोबदला धरला पाहिजे. मालक डॉक्टरांच्या लहान रुग्णालयांत नेमके उलटे होते. डॉक्टर स्वतःचा पगार लावत नाही, इमारत घरचीच म्हणून भाडे लावत नाही, आणि खर्च प्रत्यक्षाहून कमी दिसतो. दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांनी प्रामाणिकपणे भरलेले फॉर्मही म्हणूनच एका रांगेत ठेवता येत नाहीत.

औषधांचेही तसेच. छापील किंमत एक, घाऊक दर दुसरा, आणि दहा खोक्यांवर दोन फुकट अशा योजनेनंतर पडलेला निव्वळ दर तिसरा. हिशेबात तिसराच धरायला हवा आणि त्यासाठी बिलासोबत पुरवठादाराची क्रेडिट नोटही, म्हणजे बिलातून नंतर दिलेल्या सवलतीची चिठ्ठीही, मागावी लागते. छापील किंमत आणि खरी खरेदी यांत केवढी दरी असू शकते, हे हृदयाच्या स्टेंटने सगळ्या देशाला दाखवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, तेव्हा बाजारातली छापील किंमत लाखाच्या पुढे होती. मात्र हेही लक्षात ठेवावे की रुग्णसेवेला जीएसटीतून सूट असल्याने रुग्णालयाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर हा खर्चच आहे. निव्वळ दर मागणाऱ्याने तो विसरू नये.

सरकारी रुग्णालयांत पैसा इतक्या वाटांनी येतो की रुग्णालयाच्या स्वतःच्या हिशेबात निम्मा खर्चही दिसणार नाही. नियमित पगार कोषागारातून, कंत्राटी कर्मचाऱ्यांचे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, यंत्र जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, एखादी रुग्णवाहिका कंपनीच्या सामाजिक निधीतून, औषधे मध्यवर्ती खरेदीतून. भूलतज्ज्ञाचा पगार एका संस्थेत निघतो आणि तो प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करतो. वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकाचा वेळ शिकवणे, बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृह यांत वाटावा लागतो. ही वाटणी विभागप्रमुखाला विचारून केली की प्रत्येकाचे उत्तर गोल आकड्यांत येते. दोन आठवडे रोजची वेळनोंद ठेवली तर उत्तर वेगळे निघते. दान म्हणून मिळालेल्या यंत्राचीही घसारा रक्कम धरायची, कारण ते मोडल्यावर नवे विकतच घ्यावे लागणार. सरकारी रुग्णालयात सगळे फुकटच असते असे समजून तिथला दर कमी धरणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी करून पाहावा.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट महाराष्ट्रात वेगळीच आहे. मोठ्या रुग्णालयांपैकी पुष्कळशी न्यासांची (ट्रस्टची) आहेत. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठीच्या निर्धन रुग्ण निधीत एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम जमा होते. एकाच रुग्णाचा खर्च या निधीतही दाखवला आणि जन आरोग्य योजनेतही, तर तो दोनदा मोजला जातो. दोन्ही नोंदींत रुग्णाचा एकच ओळख क्रमांक असेल तर ही दुबार मोजणी एका दिवसात सापडते. कंपनी असलेल्या मोठ्या रुग्णालयांना २०१४ च्या नियमांनुसार खर्चलेखे ठेवावेच लागतात. उलाढाल ३५ कोटींच्या वर असेल तर त्यातून सुटका नाही. न्यास आणि भागीदारी संस्थांना मात्र ते नियम लागूच नाहीत. योजनेच्या करारात एक कलम घालून ही फट बुजवता येईल, नवा कायदा लागणार नाही.

आता नमुन्याबद्दल, कारण इथेच सगळे बिघडते. 'ज्यांना इच्छा आहे त्यांनी माहिती द्यावी' असे म्हटले की लेखाविभाग सक्षम असलेली मोठी शहरी रुग्णालये पुढे येतात आणि जालना किंवा गडचिरोलीतले तीस खाटांचे रुग्णालय राहून जाते. त्याहून वाईट म्हणजे दर परवडला नाही म्हणून योजना सोडून गेलेल्यांचा आकडा कधीच येत नाही. जे टिकले त्यांनाच विचारले तर दर परवडतो असेच उत्तर मिळणार. म्हणून अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांची यादी विभाग, खाटा आणि मालकी यांनुसार गटांत वाटून चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठीत नाव आले की माहिती देणे बंधनकारक. गेल्या तीन वर्षांत योजना किंवा एखादी विशेषज्ञता सोडलेल्या रुग्णालयांचा स्वतंत्र गट करावा. त्यांच्यावर सक्ती चालणार नाही, तेव्हा त्यांना मोबदला देऊन माहिती घ्यावी. जर्मनीचा अनुभव असाच आहे. तिथे रुग्णालयांचे दर ठरवणाऱ्या संस्थेला आधी स्वेच्छेने आलेल्या रुग्णालयांचेच आकडे मिळत. नमुना एकांगी होतो आहे हे दिसल्यावर २०१६ पासून चिठ्ठीत निघालेल्या रुग्णालयांना सहभाग सक्तीचा झाला. माहिती देणाऱ्या रुग्णालयांना तिथे या कामाचे पैसेही मिळतात. ही गोष्ट किरकोळ नाही. चांगला फॉर्म भरायला एका जाणत्या लेखापालाचे काही आठवडे जातात. ते फुकट मागितले तर फॉर्म कसाबसा भरून येणारच.

रुग्ण निवडण्याचे काम रुग्णालयाकडे देऊ नये. प्रत्येक पॅकेजसाठी अमुक तारखेपासूनचे सलग तीस रुग्ण, मध्ये एकही न गाळता, अशी साधी अट पुरते. गुंतागुंतीचे रुग्ण गाळले तर खर्च कमी दिसतो, तेवढेच निवडले तर जास्त.

आलेले आकडे खरे आहेत का, हे रुग्णालयाबाहेरच्या कागदांवरून ताडता येते. खाटांचा वापर ८० टक्के सांगितला असेल, तर जैववैद्यकीय कचऱ्याचे वजन त्याला साजेसे हवे. हा कचरा बारकोड लावून, तोलून रोज बाहेर जातो आणि त्याची नोंद रुग्णालयाच्या एकट्याच्या हातात नसते. वीजबिल, ऑक्सिजनची खरेदी, भविष्य निर्वाह निधीचे चलन आणि डॉक्टरांच्या मानधनावर कापलेला टीडीएस, असे चार कागद कचऱ्याच्या वजनाशेजारी ठेवले की पगारापासून खाटांपर्यंतचे बहुतेक फुगवलेले आकडे उघडे पडतात. ऑडिट म्हणजे सगळ्या फायली चाळणे असे नाही.

उरतो तो रुग्णाच्या खिशातून गेलेला पैसा. योजनेच्या पॅकेजमध्ये औषधे, तपासण्या, इम्प्लांट, जेवण, सुटी झाल्यावर दहा दिवसांचा पाठपुरावा आणि घरी जाण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही धरलेले आहे. यातले काही रुग्णाने बाहेरच्या मेडिकलमधून आणले तर रुग्णालयाचा खर्च कमी दिसतो, आणि तोच 'कमी खर्च' पुढच्या दराचा आधार होतो. सुटीनंतर पंधरा दिवसांनी, रुग्णालयाचा माणूस जवळ नसताना, फोन करून विचारल्याशिवाय हे कळत नाही. फोन करायचा तर क्रमांक खरा हवा. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात केंद्राच्या योजनेतले ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते. दहा वेळा नऊ, असा तो क्रमांक. पात्रतेसाठी मोबाइलची गरज नसते, हा सरकारचा खुलासा बरोबर होता. पण नंतर रुग्णाला गाठायचे असेल तर तो खुलासा उपयोगी पडत नाही. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने दाखल करतानाच त्या क्रमांकावर ओटीपी पाठवून खात्री करावी आणि फोन नसेल तर शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा क्रमांक तसे लिहून घ्यावा.

आणखी एक रकाना फॉर्ममध्ये नसतो: पैसे कधी मिळाले. पन्नास हजारांचे पॅकेज सहा महिन्यांनी हाती आले आणि तोवर रुग्णालयाने वर्षाला १२ टक्क्यांनी कर्ज काढले असेल, तर ३,००० रुपये व्याजातच गेले. त्यात दाव्यातून झालेली कपात धरा. रुग्णालये 'दर कमी' म्हणतात तेव्हा त्यातला काही भाग दराचा नसून विलंबाचा असतो. विलंबावर उपाय वेळेवर पैसे देणे हा आहे, दरवाढ नव्हे. मंजुरीची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख आणि कापलेली रक्कम शासनाच्याच पोर्टलवर आहे. ती खर्चाच्या फॉर्मला आपोआप जोडावी, रुग्णालयाला विचारूही नये.

सगळ्या पॅकेजची अशी मोजणी एका वर्षात होणार नाही, तसा हट्टही नाही. डायलिसिस, मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी, सिझेरियन आणि दिवसावर पैसे मिळणारे वॉर्डातले उपचार, एवढ्या पाचांपासून सुरुवात करता येईल. करोनाची २०२० आणि २०२१ ही वर्षे आधारवर्ष म्हणून कुणी धरू नयेत, कारण तेव्हाच्या खाटा, ऑक्सिजन आणि मनुष्यबळ यांचे प्रमाण नेहमीचे नव्हते. मोजणी दर तीन वर्षांनी करावी. मधल्या दोन वर्षांत पगार, आयात साहित्य आणि वीज यांचे निर्देशांक वेगवेगळे लावून दर सुधारावा, सरसकट पाच-दहा टक्के नव्हे. आलेले आकडे रुग्णालयांची नावे गाळून संकेतस्थळावर टाकावेत: प्रत्येक पॅकेजचा मध्यक खर्च (निम्म्या रुग्णालयांचा खर्च ज्याच्या खाली येतो तो आकडा), खालचा आणि वरचा चतुर्थक (पाव आणि पाऊण रुग्णालये ज्यांच्या खाली येतात ते आकडे), रुग्णालयांची संख्या आणि गृहीत धरलेला क्षमतेचा वापर. मग 'दर परवडत नाही' म्हणणाऱ्या संघटनेला आपला कोणता आकडा या आकड्यांहून वेगळा आहे, हे दाखवावे लागेल. आणि दरवाढ नाकारणाऱ्या शासनालाही.

आपले,
रुग्णालयांचे खर्चलेखन आणि आरोग्य अर्थकारण या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, पुणे